कोठे जायचे नाही?

डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या दोन्हींवर चालणारी मोटारसायकल हाती असली, की दुर्गम अरण्याची ओढ लागते. जयपूरपासून सुमारे ११० किलोमीटरवर, अरवलीच्या डोंगररांगांत सरिस्काचे जंगल आहे. तेथे निघताना आपण पेट्रोल, पाणी आणि पंक्चर काढण्याचे सामान यांचा हिशेब मांडतो. तो आवश्यकच आहे. परंतु कोठे जायचे नाही, हे ठरविल्याशिवाय प्रवासाची आखणी पूर्ण होत नाही, असे मला वाटते.

चोरट्या शिकारीमुळे २००४-०५ पर्यंत सरिस्कातील वाघ नाहीसे झाले. २००८ मध्ये रणथंबोरहून हेलिकॉप्टरने वाघ आणून तेथे सोडावे लागले. अशा जंगलात आडवाटेने गाडी घालणे म्हणजे पुन्हा वसू पाहणाऱ्या घराची शांतता मोडणे होय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घातलेली प्रवेशाची बंधने हा आपल्या हौसेवरील अन्याय नव्हे.

म्हणून सार्वजनिक रस्ता सोडू नये, दिवस मावळण्यापूर्वी जंगल ओलांडावे. आतले अरण्य पाहायचे असेल, तर रीतसर परवाना घेऊन सफारीच्या गाडीत बसावे. वाहन कोठेही जाऊ शकते, म्हणून माणसाने कोठेही जावे असे नाही.