धूळ विसरून दीर्घिका मोजू नये

वाराणसीच्या मानमंदिर घाटावरील सवाई जयसिंहांच्या वेधशाळेतून हिवाळ्यात गंगेचा पैलतीर धूसर दिसतो. तीर दूर सरकलेला नसतो. मध्ये धुके आणि धूळ आलेली असते. अंतराळातही असेच घडते, हे खगोलशास्त्राला १९३० साली ट्रम्पलर यांनी पटवून दिले. तोवर काप्टाइन यांच्या तारकागणनेत सूर्य आकाशगंगेच्या केंद्राजवळच ठरत होता.

इतर दीर्घिकांची मापेही धूळ बिघडवते. केंद्राजवळ ती दाट असल्याने तेथील प्रकाश अधिक अडतो आणि तबकडी प्रत्यक्षाहून अधिक पसरलेली भासते. निळ्या प्रकाशात हा दोष मोठा, अवरक्तात बराच कमी. म्हणून दीर्घिकेच्या आकाराची बातमी देताना तरंगलांबी आणि धुळीची दुरुस्ती सांगणे हा तपशील नव्हे, तो बातमीचा गाभा आहे. आपल्या बातम्यांत नेमके तेच गळते, रंगीत चित्र तेवढे उरते.

काशी हिंदू विश्वविद्यालयात वि. वा. नारळीकरांनी गणित शिकवले. जयंत नारळीकर तेथूनच १९५७ साली पदवीधर झाले. दूरच्या अधिनवताऱ्यांचे मंदत्व आंतरदीर्घिकीय धुळीमुळे तर नसेल, असा प्रश्न त्यांनी सहकाऱ्यांसह पुढे मांडला. त्यांचे उत्तर बहुतेकांनी स्वीकारले नाही. तरीही प्रश्न रास्त होता: जे मंद दिसते ते दूर आहे, की झाकलेले? प्रत्येक विज्ञानवार्ता वाचताना आपणही तो विचारावा.