मऊ रबराची बाजू

पाऊस सुरू होऊन पंधरा दिवस झाले की उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या गॅरेजांत एकच तक्रार घेऊन गाड्या येऊ लागतात: पुढून आवाज येतो. गाडी बहुधा दहा-पंधरा वर्षांची, हप्ते कधीच फिटलेले, मालकाचा जीव तिच्यात अडकलेला. मेकॅनिक चाकाला दोन झटके देतो, खाली वाकून पाहतो आणि सांगतो, ‘‘साहेब, लोअर आर्म गेला.’’ इथवर सगळे सरळ असते. गोंधळ होतो तो पुढच्या प्रश्नावर. कंपनीचा टाकू, लोकल टाकू, की हेवी ड्युटी?

या तिसऱ्या पर्यायाची ओढ समजण्यासारखी आहे. रस्ते असे, खड्डे असे, मग सुटा भाग जितका दणकट तितका बरा, हा हिशेब कुणालाही पटेल. रबराच्या बुशऐवजी पॉलियुरेथेनचे कडक बुश, जाड पत्र्याचा आर्म, शिवाय स्प्रिंगच्या वेढ्यांत बसवायचे रबरी बफर असा सगळा सरंजाम आता सहज मिळतो आणि दुरुस्ती करायला आलेला माणूस ‘अपग्रेड’ करून घरी जातो. आमचे म्हणणे असे की आपल्या भागातल्या साध्या, जुन्या गाडीसाठी हा खर्च बहुतेक वेळा उलट दिशेचा आहे. त्या आर्ममधले रबर मऊ आहे ते कंपनीने पैसे वाचवले म्हणून नव्हे. ते तसेच असावे अशी रचना आहे.

लोअर आर्म म्हणजे गाडीचा सांगाडा आणि चाक यांना खालून जोडणारा लोखंडी हात. आतल्या बाजूला तो एक किंवा दोन बुशांवर झुलतो, बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट असतो. चाकाने वर-खाली व्हावे, वळावे, पण जागा सोडू नये, हे त्याचे काम. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही रचना 1950 साली इंग्लंडमधल्या फोर्ड कॉन्सलमध्ये बाजारात आली आणि तिची मूळ युक्ती अशी की खालच्या आर्मला पुढे-मागे धरून ठेवण्याचे कामही अँटी-रोल बारकडूनच करून घ्यायचे. भाग कमी, वजन कमी, खर्च कमी. डिसेंबर 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 मध्ये हेच दिसते: खालचा आर्म म्हणजे जवळजवळ एक सरळ पट्टी आणि तिला पुढून ओढून धरणारे अँटी-रोल बारचे टोक. तिथले बुश गेले की ब्रेक मारताना आठशे एका बाजूला का पळते, याचे कोडे जुन्या फिटरांना कधीच पडले नाही. त्याआधीच्या पद्मिनीत, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या फियाटमध्ये, वर-खाली दोन आर्म आणि त्यांच्यामध्ये स्प्रिंग अशी जुनी पद्धत होती. ती पिढी आता गॅरेजांतून जवळपास संपली.

नंतरच्या गाड्यांत इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा आर्म रुळला. त्याला आत दोन बुश. पुढचा बुश चाकाच्या साधारण रेषेत असतो. वळणावर चाक आत-बाहेर ढकलले जाते तो जोर हा घेतो, म्हणून तो त्यातल्या त्यात कडक. मागचा बुश मोठा, जाड रबराचा, पुष्कळदा रबरातच पोकळ खाचा ठेवलेला. चाक खड्ड्याच्या कडेवर आदळते तेव्हा धक्का फक्त खालून वर येत नाही, समोरून मागेही येतो. त्या क्षणी हा मागचा बुश दबतो, चाक काही मिलिमीटर मागे सरकते आणि परत जागेवर येते. तेवढ्या सरकण्यात धक्क्याची धार जाते. शॉकअप हे काम करू शकत नाही, कारण तो उभ्या हालचालीसाठी आहे. आडवा धक्का गिळायला त्या खाचा ठेवलेल्या रबराशिवाय तिथे दुसरे काहीच नसते.

आता त्याच जागी कडक पॉलियुरेथेन बसवले तर? स्टेअरिंग नेमके लागते, वळणावर गाडी कमी डुलते, हे खरे आहे. शर्यतीच्या गाडीला, गुळगुळीत रस्त्यावर, ते हवेच असते. पण काटई-बदलापूर पाइपलाइन रस्त्यावर किंवा ड्रेनेजसाठी खणून अर्धवट बुजवलेल्या उल्हासनगरच्या कॅम्पातल्या गल्लीत तो धक्का जिरत नाही, पुढे जातो. आधी आर्मच्या बोल्टांत, मग सबफ्रेममध्ये, मग ज्या पत्र्याला ती सबफ्रेम धरलेली आहे त्यात. पंधरा वर्षांच्या गाडीचा तो पत्रा कुठल्या अवस्थेत आहे, हे गाडी उचलून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. जुलै 2005 आणि जुलै 2019 च्या पुरांत उल्हास नदीचे पाणी बदलापूर पश्चिमेच्या ज्या भागांत शिरले, हेंद्रेपाडा असो की रमेशवाडी, तिथे उभ्या असलेल्या गाड्यांपैकी काही वरून धुऊन-पुसून अजूनही चालत असतील. त्यांच्या खालच्या पोकळ भागांत शिरलेला गाळ कोणी काढला असेल असे वाटत नाही. अशा गाडीत शंभर रुपयांच्या रबराने झिजायचे, ते सोडून सांगाड्याने झिजायचे, हा सौदा आतबट्ट्याचा आहे.

दुसरी अडचण चिखलाची. कंपनीचा बुश आत-बाहेरच्या लोखंडी नळ्यांना चिकटवलेला असतो. आर्म हलला की रबर पिळवटते, कुठेही घासत नाही. पॉलियुरेथेनचा बुश बहुधा आतल्या नळीवर फिरतो, म्हणून त्याला ग्रीस लागते. आपल्याकडच्या पावसात ते ग्रीस किती महिने टिकेल? मग किरकिर सुरू होते आणि मालक पुन्हा गॅरेजच्या दारात.

स्प्रिंगमधल्या बफरांचीही तीच गत. गाडी थोडी वर राहते, पोट घासत नाही, म्हणून लोक खूश असतात. पण वेढे अडवले की स्प्रिंग कडक होते आणि तिने गिळायचा मार वरच्या माउंटिंगवर आणि सांगाड्यावर पडतो. गाडी फार उंचावली तर आर्मचा तिरकेपणा वाढून बॉल जॉइंट कायमच त्याच्या मर्यादेच्या टोकाला काम करतो. रुंद टायर आणि बाहेर आलेले अलॉय व्हील लावले की बॉल जॉइंटवर आणि बेअरिंगवर येणारा पीळ आणखी वाढतो. प्रत्येक बदल सुटा पाहिला तर बरा वाटतो, पण हे सगळे एकाच गाडीत जमा झालेले दिसते.

मग करायचे काय? आधी, आवाज आर्मचाच आहे ना, हे पाहायचे. हळू चालवताना खड्ड्यावर कटकट होत असेल तर पहिला संशय अँटी-रोल बारच्या लिंक रॉडवर घ्यावा. तो स्वस्त आहे आणि लवकर जातो. तरीही त्याच्या आवाजापायी शॉकअपची जोडी बदलून घेणारे कमी नाहीत. गाडी जॅकवर घेऊन चाक डावी-उजवीकडे हलवल्यावर ठोका लागला तर टाय रॉड एन्ड पाहा; वर-खाली लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. आर्म आणि चाक धरणारा नकल यांच्यात टॉमी घालून हलके उचलले की बॉल जॉइंटचा प्ले डोळ्यांना दिसतो. बुश मेल्याची खूण वेगळी: ब्रेक दाबताना किंवा रिव्हर्स टाकताना एकच जड ‘धप्प’, सरळ रस्त्यावर गाडी भरकटणे, टायर आतल्या कडेने खाल्ला जाणे. यातल्या बुशाच्या तक्रारीवर चार आठवडे काढता येतील. बॉल जॉइंटवर काढू नयेत. तो निखळला तर चाक आडवे पडते आणि तेव्हा गाडी नेमकी कुठे असेल हे आपल्या हातात नसते.

इथे बदलापूर-अंबरनाथच्या गाड्यांचा एक विशेष सांगायला हवा. मालक रोज लोकलने मुंबईला जातो, गाडी सोसायटीत उभी राहते, रविवारी निघते. किलोमीटर कमी, म्हणून आर्म चांगलाच असणार, असे तो समजतो आणि गाडी विकताना तसे सांगतोही. रबर मात्र वयानेही मरते. हवा, ऊन, इंजिनातून गळणारे तेल यांनी त्याला चिरा पडतात आणि उभ्या गाडीतही ते कडक होत जाते. जुनी गाडी घेताना मीटरपेक्षा बुशांकडे बॅटरी मारून पाहणे जास्त उपयोगाचे.

बदलायचेच ठरले तर अखंड आर्म, दोन्ही बाजूंचा, गाडीच्या कंपनीचा किंवा तिला माल पुरवणाऱ्या नावाजलेल्या उत्पादकाचा घ्यावा. नुसता बुश ठोकून बसवणे स्वस्त पडते. पण प्रेस नसेल तिथे हातोड्याने बसवताना पत्र्याचा आर्म वाकतो, आणि बॉल जॉइंट जुनाच राहतो. काही गाड्यांत कंपनीनेच नंतरच्या वर्षांत बुश सुधारलेला असतो आणि तोच आर्म जुन्या मॉडेललाही बसतो; काउंटरवर पार्ट नंबर तपासून घेतला तर कळते. खरे अपग्रेड म्हणायचे तर ते हे.

‘लोकल’विषयी मात्र जरा जपून बोलायला हवे. उल्हासनगरच्या मालाची टिंगल हा महाराष्ट्राचा जुना छंद आहे. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत येऊन पडलेल्या आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी ज्यांच्या वस्तीला हे नाव मिळाले त्या सिंधी कुटुंबांनी हाताला मिळेल त्यातून उद्योग उभे केले. त्यांतल्या सगळ्याच मालावर नक्कलेचा शिक्का मारणे अन्यायाचे आहे. बनावट आर्म कोणत्याही शहरातून येऊ शकतो. ओळखायचा तो तुकड्यावरून: वेल्डिंगची रेघ सलग आहे की तुटक, बॉल जॉइंट हाताने हलवताना सारखा घट्ट लागतो की मध्येच सैल, धूळरोधक रबर नीट क्लिपले आहे का, जुन्या आर्मशेजारी ठेवल्यावर वजनात फरक जाणवतो का. आणि पक्के बिल. बिल नसेल तर पुढचे भांडण दुकानदाराशी नसते, स्वतःशीच असते.

उत्तम आर्मही चुकीच्या फिटिंगने वर्षभरात जातो, आणि ही चूक रोज डोळ्यांदेखत घडते. गाडी जॅकवर, चाक काढलेले, सस्पेन्शन खाली लोंबकळते आहे. फिटर नवा आर्म चढवतो आणि त्याच अवस्थेत बुशाचा बोल्ट करकचून आवळतो. रबर त्या लोंबत्या कोनात पक्के झाले. जॅक काढला, गाडी चाकांवर बसली, आर्म वर उचलला गेला, की बुश उभ्या गाडीतही पिळलेलाच राहतो. पहिल्या मोठ्या खड्ड्यापासून तो फाटायला लागतो. रीत अशी की बोल्ट आधी हातापुरते लावायचे, गाडी चाकांवर घ्यायची, दोन-तीनदा बॉनेट दाबून सस्पेन्शन जागेवर बसू द्यायचे आणि मग टॉर्क पान्याने कंपनीने सांगितलेल्या मापावर आवळायचे. खड्डा किंवा रॅम्प नसलेल्या गॅरेजात हे जिकिरीचे आहे, चाकांखाली फळ्या घालून मात्र जमते. त्यासाठी शंभर-दोनशे जास्त मागितले तर द्यावेत. नंतर अलाइनमेंट, आणि त्याची आधीची व नंतरची अशी दोन्ही प्रिंट हातात.

कायद्याची बाजू थोडक्यात. मूळ मापाचा आर्म बदलणे ही दुरुस्ती आहे. कंपनीच्या मूळ रचनेपासून दूर जाणारा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला अडतो; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ही भूमिका स्पष्ट केली आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड ठेवला. पंधरा वर्षांनंतर कल्याणच्या आरटीओत नोंदणी नूतनीकरणासाठी गाडी उभी करायचीच आहे. त्याचे शुल्क एप्रिल 2022 मध्ये 600 वरून 5,000 रुपये झाले, वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ऑगस्ट 2025 मध्ये 10,000. एवढे मोजून ज्यांना जुनी गाडी ठेवायची आहे, त्यांनी तिचा पुढचा भाग मूळ मापात ठेवणे पैशाच्या दृष्टीनेही शहाणपणाचे.

हे सगळे मालकाने करायचे. पण आर्म ज्यामुळे जातात त्याचे काय? मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास 6 लाख आणि जखमी झाल्यास 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाईची जबाबदारी महापालिका, नगरपालिका आणि रस्ते बांधणाऱ्या यंत्रणांवर टाकली. आधी माणसाचा जीव, हा क्रम बरोबरच आहे. मोडलेल्या आर्मची भरपाई कोणी मागणार नाही. खड्डे बुजवायला निविदा लागते, डांबर लागते, पाऊस थांबावा लागतो. आर्म गतिरोधकांवरही दुखावतात, आणि ते मोजायला यातले काही लागत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक गोलाकार गतिरोधकासाठी 3.7 मीटर रुंदी आणि 10 सेंटिमीटर उंची सांगते. त्यावरून ताशी 25 किलोमीटरने गाडी आर्मला न दुखवता जाते. आपल्या गल्ल्यांत, शाळांसमोर आणि सोसायट्यांच्या फाटकांत जे आडवे उभारलेले असते ते पुष्कळदा हातभर रुंद असते, आणि त्यावर पांढरे पट्टेही नसतात. उल्हासनगर महापालिकेने आणि अंबरनाथ व बदलापूरच्या नगरपालिकांनी आपल्या हद्दीतले गतिरोधक मोजायला एक टेप आणि दोन माणसे पाठवली तरी काम सुरू होईल. फाटकाच्या आतले मात्र सोसायट्यांना स्वतःच फोडून पुन्हा बांधावे लागतील.