पडणाऱ्याचा हक्क आणि सरकारचा अनुग्रह

२९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड आणि परळ या स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलाच्या जिन्यावर तेवीस माणसे चेंगरून मेली. पश्चिम रेल्वेच्या चौकशीने दोष दिला तो अचानक आलेल्या पावसाला आणि त्यामुळे तुंबलेल्या गर्दीला. पाऊस मुंबईला नवा नाही. आणि गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिल्यावर या जिन्यावर किती पावले पडतील, हे सांगण्यास ज्योतिषी नको होता. पण पावसावर दावा लावता येत नाही, म्हणून आरोपी म्हणून तो सर्वांनाच सोयीचा! पुढे लष्कराला पाचारण करून फेब्रुवारी २०१८ मध्ये नवा पूल झाला, त्याच वर्षी स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले. मृतांच्या वारसांसाठी 'सानुग्रह' मदत जाहीर झाली होतीच.

या शब्दाकडे कार्यकर्त्यांनी नीट पाहावे. अनुग्रह राजा करतो, देव करतो. तो कमी पडला तर दाद मागता येत नाही, झालाच नाही तर तक्रारही करता येत नाही. कष्टकरी माणूस ओल्या फरशीवर घसरला, उघड्या गटारात पडला, तर त्याला हवा असतो तो हक्क. हा हक्क कायद्यात आहे, परंतु तुकड्यातुकड्यांनी आहे, आणि प्रत्येक तुकड्याला मुदतीचे कुलूप आहे.

रेल्वेचेच पाहा. १९८९ च्या रेल्वे कायद्यात १९९४ साली आलेल्या १२४-अ कलमानुसार गाडीतून अपघाताने पडलेल्या उतारूला रेल्वेची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळते. मृत्यूबद्दल ती २०१७ पासून आठ लाख रुपये आहे. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एक वर्षाच्या आत करावा लागतो. अंगावर तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. मात्र कलमाचे शब्द 'गाडीतून पडणे' असे आहेत. तोच उतारू, तोच पास खिशात घेऊन, स्थानकाच्या निसरड्या जिन्यावर पडून पाय मोडून घेईल, तर तो या शब्दांत बसत नाही. त्याने दोन महिन्यांची नोटीस देऊन दिवाणी न्यायालयात जावे आणि रेल्वेचा हलगर्जीपणा स्वतः सिद्ध करावा! पूल, जिना व फलाट यांवरील पडणे या व्याख्येत आणण्याची मागणी एल्फिन्स्टननंतर लगेच संसदेत गाजावयास हवी होती. ती आजही करण्याजोगी आहे.

महापालिकेचे कुलूप अधिक घट्ट आहे. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याच्या ५२७ व्या कलमाप्रमाणे पालिकेच्या कसुरीबद्दल दावा लावायचा तर आधी एक महिन्याची लेखी नोटीस, आणि दावा सहा महिन्यांच्या आत. लालबागच्या पदपथावर पडलेल्या म्हातारीचा खुबा सांधून ती काठीवर उभी राहते तोवर ही मुदत संपलेली असते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघडी मॅनहोल यांच्या बळींसाठी वेगळी वाट मोकळी केली: मृत्यूस सहा लाख, दुखापतीस पन्नास हजार ते अडीच लाख रुपये, आणि दोषी ठेकेदार व अधिकाऱ्यांकडून वसुली. २०१७ च्या ऑगस्टमधील पुरात याच परिसरात एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले होते. सामान्यांची तर गणतीच होत नाही.

कामावर पडलेल्या कामगाराची बाजू कायद्यात सर्वांत भक्कम आहे, आणि तोच सर्वांत गप्प असतो. १९२३ पासून मालकाची चूक सिद्ध करण्याची अट नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते तत्त्व कायम आहे. कंत्राटदाराचा माणूस म्हणून मूळ मालकाला हात झटकता येत नाहीत. कामावर जाण्याच्या वाटेवरील अपघातही, कामाशी संबंध दिसल्यास, यात येऊ शकतो, असे महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटले आहे. तरीही मनोऱ्यांत फरशी पुसणारी बाई मुकादमाने दिलेल्या पाचशे रुपयांत घरी बसते.

यातील बरेचसे दावे न्यायालयाच्या पायरीपूर्वीच, इस्पितळाच्या केसपेपरवर हरतात. पोलिसांची कटकट नको म्हणून नातेवाईक 'घरी पडले' असे लिहवून घेतात, आणि ती ओळ पुढे विरुद्ध पक्षाचा वकील वाचून दाखवतो. कुठे, कशावरून, किती वाजता पडले ते पहिल्याच कागदावर खरे लिहवावे. त्याच दिवशी जागेचे छायाचित्र घ्यावे, कारण तुटलेली लादी दुसऱ्या दिवशी बदललेली असते. साक्षीदारांची नावे, पास आणि औषधांच्या पावत्या जपाव्यात. स्टेशनमास्तर किंवा पोलीस चौकीत तक्रार देऊन शिक्क्याची प्रत घ्यावी. समजल्याशिवाय कोऱ्या किंवा छापील कागदावर सही-अंगठा करू नये.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील शाखांनी पावसाळ्यापूर्वी निदान एकेक कार्यकर्ता या कामासाठी तयार करावा. वकिलाच्या फीची धास्ती त्याने आधी घालवावी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावयाचा असतो.