वीस तासांचा विद्यार्थी

परदेशी शिकणाऱ्या मुलांचा विषय आपल्या बैठकांत निघाला की, ‘ती खात्यापित्या घरची मुले, त्यांची काळजी त्यांचे आईबाप वाहतील’ असे म्हणून तो बाजूला सारला जातो. मागे एका अभ्यासवर्गात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हेच उद्गार काढले आणि उपस्थितांपैकी बहुतेकांनी माना डोलावल्या. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखूनही म्हणावेसे वाटते की, हे मत बॅरिस्टर होण्यासाठी बोटीने विलायतेला जाणाऱ्यांच्या काळातले आहे.

आज लंडनला शिकायला जाणाऱ्यांत प्राथमिक शिक्षकाचा मुलगा असतो, एस. टी. वाहकाची मुलगी असते. बँकांच्या सर्वसाधारण योजनेत साडेसात लाखांच्या पुढील शैक्षणिक कर्जाला तारण लागते, आणि लंडनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला साडेसात लाख कुठेच पुरत नाहीत. म्हणून राहते घर गहाण पडते. शेतजमीन तारण घेण्यास बँका सहसा राजी नसतात; मग ज्याच्यापाशी शेताखेरीज काही नाही तो खासगी वित्तसंस्थांच्या चढ्या व्याजाला मान देतो. यांना खात्यापित्या घरची मुले म्हणायचे असेल, तर आपली वर्गविश्लेषणाची पाटी एकदा पुसून घेतलेली बरी.

या मुलांचा दिवस मी ईस्ट हॅममध्ये जवळून पाहिला आहे. एका खोलीत तिघे. स्वयंपाकघर पाळीपाळीने वापरायचे, म्हणून डाळभात एकदाच रांधून तीन दिवस पुरवायचा. सकाळी वर्गात हजेरी लावायची, कारण गैरहजर राहणाऱ्यांची वर्दी गृहखात्याला देणे विद्यापीठावर बंधनकारक आहे. तेथे अध्यापकाला नकळत फौजदाराचेही काम करावे लागते. संध्याकाळी एखाद्या गोदामात खोकी उचलायची, नाहीतर वृद्धांच्या शुश्रूषागृहात पाळी करायची, आणि मध्यरात्रीनंतरच्या बसमध्ये उद्याचा निबंध वाचता वाचता झोपून जायचे. रविवारी आईला फोन. मागे टेम्स नदी दिसेल अशा बेताने उभे राहून ‘सगळे छान आहे’ असे सांगायचे. त्या वाक्याइतके मोठे असत्य मी आपल्या निवडणूक जाहीरनाम्यांतही वाचलेले नाही.

हिशेब ब्रिटिश सरकारच्याच आकड्यांनी मांडू. सत्र चालू असताना परदेशी विद्यार्थ्याला आठवड्यात २० तासच काम करता येते. २०२५ च्या एप्रिलमध्ये किमान वेतन ताशी १२.२१ पौंड झाले. त्या दराने महिन्याची कमाई सुमारे १,०५८ पौंड होते. लंडनमध्ये राहण्याला महिना १,४८३ पौंड लागतात, असे त्याच सरकारने त्याच वर्षाच्या जानेवारीत ठरविले होते. ही तफावत घरच्या पैशाने भरून निघते, असे कायदा गृहीत धरतो. नऊ महिन्यांचा खर्च २८ दिवस बँक खात्यात दिसला पाहिजे असा नियम आहे. अनेक घरांत तो पैसा नातेवाइकांकडून उसना आलेला असतो आणि मुदत संपताच परत जातो. शिवाय आरोग्यसेवेसाठी वर्षाला ७७६ पौंडांचा अधिभार आगाऊ भरायचा. आणि वेतनावर कर बसला तर तोही द्यायचा.

मग मुलगा एकविसाव्या तासाला हात घालतो. तो तास कायद्याने निषिद्ध आहे, आणि निषिद्ध आहे म्हणूनच तो स्वस्त आहे. मालक किमान वेतनापेक्षा कमी पैसे रोख हातावर ठेवतो. तक्रार करायची तर आधी स्वतःचा नियमभंग कबूल करावा लागतो. १९७६ ते १९७८ या काळात याच लंडनमध्ये ग्रनविकच्या फोटो कारखान्यातील कामगारांनी जयाबेन देसाई यांच्या पुढाकाराने संप केला. लढा हरला, पण त्या स्त्रिया दाराबाहेर पडू शकल्या, कारण नोकरी गेली तरी देशात राहण्याचा बहुतेकींचा हक्क जात नव्हता. आजच्या विद्यार्थ्याला ती सोय नाही.

हे पाप एकट्या थॅचरबाईंच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. त्यांच्या सरकारने १९८० पासून परदेशी विद्यार्थ्यांकडून पूर्ण खर्चाची फी घेण्यास प्रारंभ केला, हे खरे. परंतु परदेशी विद्यार्थ्यांना वेगळी, चढी फी लावण्याची वाट १९६७ साली मजूर पक्षाच्या सरकारने घालून दिली होती. ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बाबासाहेब शिकले, ती संस्था १८९५ मध्ये सिडनी व बिअॅट्रिस वेब प्रभृती फेबियन समाजवाद्यांनी काढली. आज तेथील परदेशी विद्यार्थ्यांची फी पाहिली तर संस्थापकांना स्वतःचीच संस्था ओळखू येणार नाही.

‘मग जावे कशाला?’ हा प्रश्न ठरलेला असतो. इथल्या विद्यापीठांतील प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवणाऱ्यांना तो विचारावा.

बाबासाहेबांनाही बडोद्याच्या शिष्यवृत्तीसाठी दहा वर्षांच्या नोकरीचा करार करावा लागला होता. पण तो करार संस्थानाच्या सेवेचा होता. आजचा करार बँकेच्या हप्त्यांचा आहे. सार्वजनिक शिष्यवृत्तीची कथा त्याहून केविलवाणी. २०२५ च्या जुलैत केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसाठी निवडलेल्या १०६ जणांपैकी आधी ४० जणांनाच पत्रे मिळाली आणि उरलेल्यांना ‘निधी उपलब्ध झाल्यास’ असे कळविण्यात आले. निवड झालेल्यांत बहुसंख्य दलित तरुण होते. त्या आठवड्यात आपल्या किती जिल्हा शाखांनी साधे निवेदन दिले?

या मुलांना विद्यार्थी आघाडीच्या यादीत घालायचे की कामगार आघाडीच्या, यावर आपल्याकडे वाद होईल. तो खुशाल व्हावा. तोवर प्रत्येक जिल्हा शाखेने आपल्या भागात परदेशी शिक्षणासाठी गहाण पडलेल्या घरांची यादी तरी करावी. दलालांनी, म्हणजे विद्यापीठांकडून दलाली घेणाऱ्या त्या ‘मार्गदर्शकांनी’, कोणती आश्वासने दिली ते लिहून घ्यावे. आणि ब्रिटनमधील कामगार संघटनांचे सभासदत्व परदेशी विद्यार्थ्यालाही घेता येते, एवढी एक गोष्ट मुले विमानात बसण्यापूर्वी त्यांच्या कानांवर घालावी.