नारळ, तावीज आणि आसरा

माझा एक जुना विद्यार्थी भोरमध्ये बचाव पथकात स्वयंसेवक आहे. धरणात कुणी बुडालं, की रात्री-अपरात्री निघतो. दंडाला अम्मीने बांधलेला तावीज असतो. त्याचा जोडीदार पाण्यात उतरण्याआधी नारळ वाहतो, तोवर हा दोराच्या गाठी तपासतो. "आज काही काम नाही" हे वाक्य त्यांच्यात कुणी उच्चारत नाही. उच्चारलं की फोन वाजतो म्हणे!

पूर्वी मी त्याला झापलं असतं. सफर महिना अशुभ नाही, पैगंबरांनी अपशकुन नाकारला, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. पण बी.एड.नंतर कधीतरी मालिनोव्हस्की वाचला होता. ट्रोब्रियांड बेटांवरचे मच्छीमार खाडीच्या शांत पाण्यात मंत्रतंत्र करत नसत; खोल समुद्रात जायचं असेल तरच करत. जिथे कौशल्य संपतं आणि धोका उरतो, तिथे माणूस काहीतरी धरून ठेवतो. वेल्ह्यात तोरण्याच्या कड्यावर धुक्यात दोराला लटकलेल्या माणसाचंही तेच. दोर पक्का असतो, वरचा दगड कधी सुटेल ते त्याच्या हातात नसतं. गाठी तपासून झाल्यावरचा नारळ मला आता खुपत नाही. गाठींऐवजी नारळ असता, तर भांडलो असतो.

भांडण आहे ते काठावरच्या लोकांशी. मे २०२२ मध्ये भाटघरच्या पाण्यात एकाच कुटुंबातल्या पाच जणी बुडाल्या. अशा वेळी "आसरांनी नेलं", "पाणी बळी मागतं" असं कुणीतरी म्हणतंच. आमच्यातले "किस्मत" म्हणून मोकळे होतात. तवक्कुलचा हा अर्थ नव्हे. आधी उंट बांधायचा असतो. आसरांनीच नेलं म्हटल्यावर फलक लावायला नको, दोर ठेवायला नको, मुलींना पोहायला शिकवायला नको. काठाचा उतार एकदम तुटतो, खाली गाळ असतो, एकीला धरायला दुसरी जाते. हे कुणी बोलत नाही.

मी हे त्या विद्यार्थ्याला सांगत होतो. तो म्हणाला, "सर, आम्ही नारळ वाहून पाण्यात तरी उतरतो."

यंदा उन्हाळी सुट्टीआधी त्याला वर्गात बोलावलंय. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन दोराला बांधून कसा फेकायचा, मागोमाग उडी का मारायची नाही, हे तो दाखवणार आहे. तावीज काढून ये, असं मी त्याला सांगितलेलं नाही.