वॉर्डाविना वर्ग
मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि बी.एस्सी. नर्सिंगच्या मुली वसतिगृहं सोडून गावी परतल्या. शरीररचना, औषधशास्त्र मोबाइलवर शिकता आलं. न कळलेला भाग मागे नेऊन पुन्हा पाहता येतो, ही सोय मला खरोखर मोलाची वाटते. अर्थात घरात फोन एकच, त्यावर धाकट्या भावाचीही शाळा, आणि रेंजसाठी टेकडी गाठायची, असं ज्यांचं होतं त्यांना तेवढंही धड मिळालं नाही. पण रक्तदाब मोजताना पट्ट्यातली हवा हळूहळू सोडत पहिला ठोका कधी उमटतो आणि आवाज कधी विरतो, हे ज्याच्या त्याच्या कानालाच कळावं लागतं. शीर बोटालाच सापडावी लागते. सुईला घाबरलेल्या आजोबांना बोलण्यात गुंतवणं तर खाटेशेजारी उभं राहूनच येतं. आणि मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने अंतिम परीक्षेची वाट पाहणाऱ्या याच विद्यार्थ्यांना कोविडच्या कामावर घ्यायची मुभा दिली! त्यांच्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. महाविद्यालयांनी व्हिडिओ जरूर ठेवावेत; मात्र वॉर्डातला एक तासही व्हिडिओंच्या खाती मांडू नये.