विमानविद्येची पदवी आणि उसाचे बिल



बारावीचा निकाल लागला की आपल्या कार्यक्षेत्रातल्या घराघरांत काय सुरू होते ते आपणां सर्वांस ठाऊक आहे. पूर्वी डॉक्टर की इंजिनिअर एवढाच प्रश्न असे. आता इंजिनिअरीला पन्नास फांद्या फुटल्या आहेत, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरल्यापासून त्यातल्या एका फांदीला फारच मोहोर आला आहे. ती म्हणजे एरोस्पेस इंजिनिअरिंग, विमाने, रॉकेटे आणि उपग्रह बनवण्याची विद्या. पोरं म्हणतात, इस्रोत जायचं. बाप म्हणतो, जा बाबा, पण पैसे किती लागतात ते सांग. या दोन वाक्यांच्या मध्ये जे राहून जाते त्याविषयी मला लिहायचे आहे.

मी विमानाचा इंजिनिअर नव्हे. मी आपल्यासारखाच सभासद. माझा ऊस धाकटा भाऊ पाहतो. मी स्वतः बोईसरजवळच्या नवापूर गावी राहतो आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पत्रा वळवणे, जोडणे, दाबाच्या टाक्या तयार करणे या कामात माझी पंचवीसेक वर्षे गेली. इकडे ऊस नाही. मासेमारी, वाड्या आणि कारखान्यांच्या चिमण्या. पण विमानाच्या गोष्टीशी या किनाऱ्याचा एक संबंध आहे, आणि तो आपल्याला उपयोगी पडेल असा आहे.

अमोल यादव हे नाव आपण पेपरात वाचले असेल. मूळचे सातारा जिल्ह्याचे, धंद्याने वैमानिक. या माणसाने मुंबईत कांदिवलीला, चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान तयार केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते ठेवले होते. सरकारदरबारी त्याची नोंदणी व्हायला मात्र २०१७ चा नोव्हेंबर उजाडला, आणि धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणीसाठी ते उडाले ते ऑगस्ट २०२० मध्ये. दरम्यान फेब्रुवारी २०१८ मध्ये राज्य सरकारशी सुमारे ३५ हजार कोटींचा सामंजस्य करार झाला. पालघर जिल्ह्यात, केळवे परिसरात विमानांचा कारखाना निघणार असे जाहीर झाले. केळवे म्हणजे आमच्या नवापूरच्या दक्षिणेला, याच किनाऱ्यावर. तेव्हा आमच्याकडे चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. ज्याचा पोरगा दहावीत तोसुद्धा विचारू लागला, विमानाचा कोर्स कुठं असतो हो?

करार झाला, कारखाना मात्र केळव्याला आजतागायत उभा राहिला नाही. यादवांच्या जिद्दीला माझा नमस्कार आहे. असा माणूस लाखात एक. पण कराराच्या बातमीवर भरवसा ठेवून चार वर्षांचे शिक्षण निवडणे म्हणजे लागण करण्याआधी उसाचे बिल मांडून बसण्यासारखे आहे.

याच्या उलट उदाहरण पाहायचे तर ब्राझीलचे पाहावे. ब्राझील म्हणजे आपल्याच जातीचा, उसाचा देश. तिथल्या साओ पाउलो राज्यात ऊस मैलोन्‌मैल. त्याच राज्यात साओ जोसे दोस काम्पोस या गावी त्यांनी १९५० साली विमानविद्येचे कॉलेज काढले. त्यातून मुले तयार होत गेली. मग एकोणीस वर्षांनी, १९६९ साली एम्ब्राएर ही विमानांची कंपनी निघाली. आज तिची प्रवासी विमाने जगभर उडतात. त्यांचे शेतावर फवारणी करणारे इपानेमा नावाचे छोटे विमान आहे. २००४ साली त्याला उसाच्या इथेनॉलवर उडण्याची मान्यता मिळाली. उसावर औषध मारायचे, आणि टाकीत उसाचाच अर्क! ज्यांच्या कारखान्याला डिस्टिलरी जोडलेली आहे त्यांनी याचा विचार करावा. तिथे आधी शाळा झाली, कारखाना मागून आला. आपल्याकडे जाहिरात आधी येते.

असो. मुळात ही पदवी शिकवते तरी काय? पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी गणित, पदार्थविज्ञान, रसायन, वर्कशॉप हेच. पुढे वारा शिकवतात. पावसाळ्यात वाऱ्याने ऊस लोळतो हे आपण पाहतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून थोड्याशा वाढीव वादळातही अख्खा प्लॉट आडवा होतो. विमानाचा पंख हाच जोर वर उचलण्यासाठी वापरतो. मग इंजिन शिकवतात. आपल्या पॉवर हाऊसमधले टर्बाइन ज्यांनी उघडलेले पाहिले आहे त्यांना जेट इंजिनची पाती ओळखीची वाटतील, फक्त तिथे वाफेऐवजी जळता वायू. मग विमान हवेत स्थिर कसे राहते, वळते कसे, हे शास्त्र. आणि मग सांगाडा: कमीत कमी वजनात जास्तीत जास्त ताकद.

या शेवटच्या विषयावर मी थोडे अधिकाराने बोलू शकतो. साखर कारखान्याच्या बॉयलरचा ड्रम घ्या. त्यात दाब असतो, म्हणून पत्रा जाड घेतात, आणि शंका आली तर आणखी जाड घेतात. जमिनीवर बसलेल्या ड्रमचे वजन वाढले म्हणून कोणी रडत नाही. रॉकेटच्या पहिल्या टप्प्याची नळीही दाबाची टाकीच. आत घन इंधन जळते, सारा खेळ दोन मिनिटांच्या आसपास. पण तिथे पत्रा जाड केला की तेवढे लोखंड वर न्यावे लागते. म्हणून विशेष पोलाद घेऊन, बोटाच्या जाडीपेक्षाही पातळ पत्र्यात काम भागवावे लागते. एका सांध्यात सुईएवढी पोकळी राहिली तर सगळे संपले. किती पातळ चालेल, हे हिशेबाने आणि चाचणीने सिद्ध करणे, ही या पदवीची खरी कसोटी.

आणि या नळ्या कुठे बनतात ठाऊक आहे का? इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरला! आपल्या राज्यातल्या कित्येक सहकारी कारखान्यांची यंत्रसामग्री ज्या वालचंदनगर इंडस्ट्रीजने दिली, तीच कंपनी इस्रोच्या पीएसएलव्हीच्या आणि चांद्रयान-३ नेणाऱ्या एलव्हीएम-३ च्या मोटारींची कवचे बनवत आली आहे. मोठ्या कवचाचा व्यास ३.२ मीटर. ज्या शेठ वालचंद हिराचंदांनी तिथे माळावर ऊस आणि साखर उभी केली, त्यांनीच डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीने बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना काढला. त्याचेच पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाले, ज्यांच्या नाशिकजवळच्या ओझर कारखान्यातून ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजस विमान पहिल्यांदा उडाले. ओझर निफाड तालुक्यातच, म्हणजे पुन्हा ऊस आणि द्राक्षे. उसाचा आणि विमानाचा सोयरसंबंध आपल्या मातीत असा जुना आहे. आपल्याला तो कोणी सांगितला नाही एवढेच.

आता मुद्द्यावर येतो. वालचंदनगरला ही कवचे जोडणारे कोण? वेल्डर, फिटर, मेकॅनिकलचे, धातूशास्त्राचे इंजिनिअर. आपले पुण्याचे वसंतराव गोवारीकर १९७९ ते १९८५ तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. त्यांची विद्या केमिकल इंजिनिअरिंगची. तिथल्या काही रॉकेटच्या घन इंधनात एरंडेल तेलापासून केलेला बांधणीचा पदार्थ वापरला गेला आहे. बांधावरचा एरंड गेला की नाही आकाशात? पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात एरोस्पेसची शाखाच नाही. तरी तिथल्या मुलांनी केलेला ‘स्वयम्’ हा किलोभर वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी इस्रोने सोडला. तीनच महिन्यांनी, २६ सप्टेंबरला, पवईच्या आयआयटीच्या मुलांचा दहा किलोचा ‘प्रथम’ गेला. तिथे एरोस्पेसचा मोठा विभाग आहे, आणि ते काम २००७ साली सुरू झालेले. नऊ वर्षे! सुरू करणारी मुले केव्हाच पदवी घेऊन बाहेर पडली होती. मागच्या मुलांनी पुढच्यांच्या हाती देत देत ते नेले. आडसालीसुद्धा दीड वर्षात तुटते.

तेव्हा पाटीवर काय लिहिले आहे यापेक्षा आत काय आहे ते पाहावे. इस्रोच्या केंद्रीय भरतीच्या जाहिराती बहुधा मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरच्या मुलांसाठी निघतात. एरोस्पेसच्या जागा त्यामानाने थोड्या. हे ऐकून पुष्कळ जण चकित होतात. मेकॅनिकल शिकलेला मुलगा गेट परीक्षा देऊन पुढे आयआयटीत एरोस्पेसची एम.टेक. करू शकतो, आणि तिथे त्याला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते.

माझे मेहुणे गेल्या साली एका खाजगी संस्थेचे पत्रक घेऊन आले. वर रॉकेटचे चित्र, खाली हसरी मुले. म्हणाले, “दाजी, पोरगा हट्टाला पेटलाय. चार वर्षांचे फी, राहणं, खाणं धरून सोळा लाख म्हणत्यात. रानातला एक तुकडा काढू का?” मी म्हटले, थांबा, आधी वही काढू. तोडणी-वाहतूक जाऊन टनाला तीन हजार धरा. सोळा लाख म्हणजे ५३३ टन. एकरी चाळीस टनाने तेरा एकरांचा ऊस, तोही बी, खत, पाणी, मजुरी काही न धरता. तुमचे रान किती? साडेचार एकर. मेहुणे गप्प बसले. मग मी भाच्याला त्या संस्थेला विचारायला चार प्रश्न लिहून दिले. वाऱ्याचा बोगदा आहे का, आणि चालू आहे का? इंजिन चाचणीची खोली आहे का? शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी याच विषयात पुढचे शिक्षण घेतले? मागच्या दोन तुकड्यांतली मुले आज नेमकी कुठे आहेत? पहिल्या तिघांना गोल उत्तरे आली, चौथ्याला आलेच नाही. भाचा आता सरकारी कॉलेजात मेकॅनिकलला आहे आणि मुलांनी बनवलेल्या छोट्या विमानांच्या स्पर्धेत उतरतो. रान शाबूत आहे.

ही पदवी वाईट, असे कोणी समजू नये. गणित ज्याच्या हाडात आहे त्याने खुशाल पवईच्या आयआयटीचा, नाहीतर तिरुवनंतपुरमजवळ वलियमला येथे २००७ साली निघालेल्या अंतराळ विद्यापीठाचा ध्यास घ्यावा. दोन्हीकडे वाट जेईई अ‍ॅडव्हान्स्डची. तिथे बापाच्या जमिनीपेक्षा पोराची वही जास्त तपासतात. आयआयटीत शिकवणी फी वर्षाला दोन लाख, पण घरचे उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर दोन तृतीयांश माफ, लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफ. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांनाही पूर्ण माफ. मुलींच्या बाबतीत आणखी एक. राज्य सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना, केंद्रीय प्रवेशातून गेल्यास, शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. अभिमत आणि खाजगी विद्यापीठांत हा लाभ नाही, आणि एरोस्पेसची पाटी बरीचशी तिथेच लागलेली आहे. मुलगी हुशार असून फीच्या भीतीने बी.ए.ला घालणारे सभासद आजही आहेत. त्यांना हे कोणी तरी सांगायला हवे.

दुसरा एक गोंधळ नेहमीचा. विमानाची देखभाल करणारा, विमान चालवणारा आणि विमान बनवणारा हे तीन वेगळे. देखभालीचे आणि चालवण्याचे परवाने विमान वाहतूक महासंचालनालय देते. तो पदवीचा मार्ग नव्हे. पत्रकवाले तिन्ही एकाच टोपलीत घालतात.

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवले, मग आपण मागे का, असे भाषणांतून ऐकू येते. ऐकायला गोड. पण ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा दाखला देतात ते बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ साली हिशेब मांडून तपासले आणि त्यातली विमाने उडू शकत नाहीत असे दाखवून दिले. आपल्या मुलांना असा हिशेब मांडता यावा, मला त्या पाच जणांचा अभिमान वाटतो.

म्हणून माझी संचालक मंडळास सूचना आहे, आणि ती मी वार्षिक सभेसाठी लेखी दिली आहे. शिक्षण निधीतून बारावीनंतर फीला मदत करण्याबरोबर, आठवीपासून गणिताचा एक चांगला मास्तर कारखान्याच्या शाळेत नेमावा. पगार निधीतून द्यावा. दुसरे, दरवर्षी डिसेंबरात पवईच्या आयआयटीत टेकफेस्ट भरतो. तिथे मुलांनी केलेली यंत्रे पाहायला मिळतात. नववी ते अकरावीची चाळीस मुले-मुली एकदा तिथे न्यावीत. तेव्हा गळीत जोरात असते, कारखान्याच्या गाड्या मोकळ्या नसतात, हे मी जाणतो. एस.टी. ठरवली तरी भागेल. दुसऱ्या दिवशी मुलांना नवापूरला आणा. तारापुरात एखाद्या शॉपची परवानगी काढून पत्रा कसा वळतो आणि सांधा कसा तपासतात ते मी स्वतः दाखवीन, जेवणाची व्यवस्था माझ्याकडे. इच्छुकांनी आपल्या गट ऑफिसात नावे द्यावीत, मुलींची आधी.